फीमाफी आणि गल्लीचा फ्रीज

आमच्या गल्लीत फ्रीज एकच होता आणि तो प्रत्येकाच्या घरी होता. मालकीने तो बेबीकाकूंचा. लाल रंगाचा, एका दाराचा, दारावर प्लास्टिकचा द्राक्षांचा घड चिकटवलेला. काकूंच्या नवऱ्याने त्याच्या स्टँडला चाकं बसवून घेतली होती, ती काही झाडताना सोयीचं पडावं म्हणून नव्हे. ज्या घरात मुलगी पाहायला पाहुणे येणार असत त्या घरी हा फ्रीज मागच्या अंगणातून गडगडत जायचा आणि पाहुणे वळले की तसाच गडगडत परत यायचा. त्याच्या मागोमाग कोणाचा दिवाण, कोणाचा कूलर, कोणाच्या भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ. गल्लीतल्या किती मुलींची लग्नं त्या एका फ्रीजने जमवली असतील कोण जाणे. सासरी गेल्यावर त्या मुली म्हणे माहेरच्या फ्रीजची आठवण काढत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

आमचं घर अमरावतीच्या त्या टोकाला होतं जिथे शहर संपून डाळमिली सुरू होतात. बाबा त्यातल्याच एका मिलमध्ये मशीनवर होते. सकाळी भोंगा वाजला की चाळण्यांचा खडखडाट सुरू व्हायचा, तो दिवे लागेपर्यंत. आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. मिल बंद पडली की मात्र सगळी गल्ली दचकून बाहेर यायची. मिलमधून तुरीच्या डाळीची चुरी स्वस्तात मिळायची आणि आईने त्या चुरीला सोडलं नाही. चुरीचं वरण, चुरीचे वडे, चुरीच्या वाफवलेल्या वड्यांची रस्साभाजी, सणाला चुरीचं पुरण. वर तेलात परतलेला मिरचीचा ठेचा आणि ज्वारीची भाकर. आता डॉक्टर मला प्रोटीन खा म्हणतात तेव्हा मला हसू येतं. माझ्या हाडांत अर्धी मिल आहे.

माझी बहीण ज्योती, म्हणजे ताई, बी.ए. होऊन घरी होती आणि तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं. आमच्याकडे स्थळ पाहण्याची एक पद्धत आहे. मुलाकडची मंडळी आधी घरी येतच नाहीत. दोन माणसं गुपचूप येतात, गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यावर उभी राहतात, पान लावायला सांगतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, "अमुक अमुकचं घर कोनतं? मानसं कशी हायेत?" आपण गुप्तहेर आहोत अशी त्यांची समजूत असते, पण इस्त्रीचा शर्ट घालून भर दुपारी त्या पानठेल्यावर कोणीच येत नसे, त्यामुळे त्यांना सगळे लांबूनच ओळखत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुलाबराव पानठेलेवाले. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता ते पाहुण्यांना अशी माहिती देत की फाटक्या घराचा बंगला व्हायचा. आणि ती देता देता आपल्या पोराला फोन लावत आणि पोरगा बेबीकाकूंना. पाहुणे पानावरून चहावर येईपर्यंत फ्रीज निघालेला असे.

आईने गुलाबरावांना आधीच सांगून ठेवलं होतं. "भाऊ, अकोल्याचं स्थळ हाये. पोरगा नोकरीले हाये. कधीबी येतीन."

"वहिनी, तुमी कायले घोर करता?" गुलाबराव म्हणाले. "येऊ तं द्या. असं सांगीन का थेच तुमच्या मांगं लागतीन."

त्याच उन्हाळ्यात मला वकील व्हायचं होतं. बारावीची परीक्षा झाली होती आणि पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी वेगवेगळ्या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा असतात हे मला कॉलेजच्या एका बाईंनी सांगितलं होतं. त्यांनी हे सांगितलं नव्हतं की प्रत्येक विद्यापीठाचा अर्ज वेगळा, फी वेगळी, आणि ती फी पाहून आमच्या घरातला माणूस संगणकाचा पडदा पुसून पुन्हा वाचतो. बाबांनी पुसला होता. मग खाली बारीक अक्षरांत दिसलं की गरजू विद्यार्थ्यांना अर्जाची फी माफ होईल, फक्त मान्यताप्राप्त ट्रस्टचं शिफारसपत्र जोडावं. आमच्या भागासाठी असा ट्रस्ट अकोल्याला. नाव घेत नाही. नाव घ्यायचं तर हातात कागद लागतो, एवढं मी वकिलीत शिकले आहे. ट्रस्टचा अर्ज वेगळा. त्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला, दाखल्यासाठी आणखी एक अर्ज, त्या अर्जाला रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सवर साहेबाची सही, जे साहेब जेवायला गेलेले. आपण गरीब आहोत हे सिद्ध करायला आपल्याकडे जेवढं चालावं लागतं तेवढं चाललेला माणूस खरं तर तिथेच पास व्हायला हवा.

हे सगळं झाल्यावर ट्रस्टचं पत्र आलं की समितीचे सदस्य 'पूर्वसूचना न देता' घरी येऊन परिस्थितीची पाहणी करतील. आणि इथे माझ्या आईवडिलांची पंचाईत झाली. अकोल्याहून एक पार्टी न सांगता येणार, तिला घर भरलेलं दिसलं पाहिजे. अकोल्याहून दुसरी पार्टी न सांगता येणार, तिला घर रिकामं दिसलं पाहिजे. घर एकच, खोल्या दोन. शेवटी बाबांनी मिक्सर पलंगाखाली पोत्यात घालून ठेवला, म्हणाले, "लागन तवा काढू." आई म्हणाली, "मंग चटनी पाट्यावर वाटू काय?" तर म्हणाले, "वाट." चार दिवस आम्ही पाट्यावरची चटणी खाल्ली. खरंच रुचकर होती, पण मिरचीने ताईचे हात भाजून निघाले.

गल्लीत मात्र ट्रस्टचा शब्द काढायचा नाही, असा बाबांचा हुकूम होता. "लोकायले समजलं का आपून फी माफ करून मांगून राहिलो, तं ज्योतीचं स्थळ संपलं." हे त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. गरिबी असायला हरकत नव्हती, सगळ्यांचीच होती; तिचा अर्ज करणं हे वाईट. म्हणून गुलाबरावांना फक्त अर्धी बातमी ठाऊक होती. आईला दोन्ही ठाऊक होत्या, पण तिच्या डोक्यात समिती म्हणजे जीप, जीपवर पाटी आणि मागे शिपाई. पाटी नसलेली समिती तिला माहीत नव्हती.

त्या दिवशी मी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसले होते. विद्यापीठाचा अर्ज भरून ठेवायचा, शिफारसपत्राची जागा मोकळी सोडायची, पत्र आलं की चढवायचं, असा माझा बेत होता. शेवटची तारीख तोंडावर आली होती. ती वेबसाइट दर थोड्या वेळाने मला विसरून जायची आणि नाव, गाव, जात, जन्मतारीख पुन्हा विचारायची. फोटो मोठा आहे म्हणायची. लहान केला तर अस्पष्ट आहे म्हणायची. शेवटी तिने सांगितलं की मोबाइलवर आकडा पाठवला आहे, तो टाका. मोबाइल घरी, आईजवळ. कॅफेवाल्याच्या फोनवरून मी किती वेळा लावला. कोणी उचलेना. आकड्याची मुदत संपली आणि वेबसाइटने मला पुन्हा माझं नाव विचारलं. मी चिडून घरी निघाले.

गल्लीच्या तोंडाशी गुलाबरावांनी मला पाहून डोळा मारला. वडिलांच्या वयाचा माणूस आपल्याला डोळा मारतो तेव्हा काहीतरी शुभ घडलेलं असतं. आमच्या दारात पांढरी कार होती, आणि कारच्या शेजारी कोणाची तरी नवी मोटरसायकल, जिला मी ओळखत होते कारण ती गुलाबरावांच्या पोराची होती. आत शिरले तर ते आमचं घर नव्हतं. दिवाणावर मखमली चादर. कूलर. भिंतीवर टोल्यांचं घड्याळ. कोपऱ्यात लाल फ्रीज, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी. दिवाणावर दोन गृहस्थ, एक चष्म्याचे, एक जाडे. पुढ्यात पोहे, शेव, डाळवडे आणि कापलेलं टरबूज. ताई काकूंच्या सुनेची रेशमी साडी नेसून, गळ्यात बेन्टेक्सचा राणीहार घालून खाली मान घालून उभी. आणि मिक्सर, जो पलंगाखालच्या पोत्यातून चार दिवसांनी वर आला होता, फ्रीजच्या बाजूला टेबलावर मधोमध.

आई सांगत होती, "यायची मिलमध्ये पार्टनरशिपच हाये म्हना ना. मालक यायले इचारल्याबिगर काही करत नाई."

हे खोटं नव्हतं. मशीन कुठे अडकली हे मालक बाबांनाच विचारत.

"आन दाळ तं घरचीच," बेबीकाकू म्हणाल्या. "पोत्यानं येते."

चष्मेवाले गृहस्थ लिहीत होते. स्थळवाले कधी लिहीत नाहीत, हे त्या खोलीतल्या एकाही बाईच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं. मी आईला खूण केली, तर ती म्हणाली, "हे लहानी. ईची काही घाई नाई."

चष्मेवाल्यांनी मान वर केली. "म्हणजे हीच का? फीमाफीचा अर्ज हिचाच ना?"

घड्याळाने नेमका तेव्हा टोला दिला. आईचा चेहरा मी आजही विसरलेली नाही. तिच्या हातात डाळवड्यांची ताटली होती, ती तिने हळूच मागे घेतली, जणू काय वडे लपवले की झालं. मग ती एकदम उठली आणि म्हणाली, "साहेब, हा फ्रीज आमचा नाई."

आणि इथे बेबीकाकूंनी आम्हाला बुडवलं. आयुष्यभर त्यांनी पाहुण्यांसमोर एकच धर्म पाळला होता, की शेजारणीचं झाकायचं. आई लाजून बोलते आहे असं त्यांना वाटलं. "असं काय करता वहिनी?" त्या कळवळून म्हणाल्या. "तुमचाच तं हाये! साहेब, लय साध्या हायेत या. मोठेपना नाई अंगात."

"बेबीबाई, खरं सांगा नं," आई रडकुंडीला आली.

"खरंच सांगून राहिली मी."

मी सतरा वर्षांची होते आणि माझी पहिली उलटतपासणी मी तिथेच घेतली. म्हटलं, "साहेब, फ्रीजची वायर पाहा." वायर भिंतीपाशी लोंबत होती. आमच्या घरात तिच्या मापाचा बोर्डच नव्हता. म्हणून तर त्या फ्रीजमध्ये नेहमी माठातलं पाणी बाटल्यांत भरून ठेवत. चष्मेवाल्यांनी वायर पाहिली.

"लाइट गेली हाये," काकू तत्काळ म्हणाल्या.

वर पंखा फिरत होता. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. जाडे गृहस्थ गालात हसले, पण चष्मेवाले हसणाऱ्यांतले नव्हते. "मुली," ते मला म्हणाले, "आम्ही कितीतरी घरं पाहतो. लोक असलेला फ्रीज लपवतात. नसलेला फ्रीज आणून ठेवणारं घर मी पाहिलेलं नाही, आणि मी तसं लिहिलं तर समिती मला हसेल. मला जे दिसतं ते मी लिहितो." त्यांनी लिहिलं. फ्रीज, कूलर, मिक्सर, मोटरसायकल. जाताना पोहे छान झाले होते म्हणून सांगितलं. जाड्यांनी एक डाळवडा रुमालात बांधून नेला.

वकिलीत माणूस लवकर म्हातारा होतो. माझे केस केव्हाच पिकले. एवढ्या काळात मी साक्षीदार खूप पाहिले. लोक समजतात की साक्षीदार पैसे खाऊन फिरतो. तसेही असतात. पण जास्त करून साक्षीदार फिरतो तो माणुसकीने. त्याला वाटतं, आपल्या माणसाची लाज राखावी. कोर्टात अशा साक्षीदाराइतका घातकी कोणी नाही, आणि त्याच्यावर रागावताही येत नाही. मला दर वेळी बेबीकाकू आठवतात आणि मी पुढचा प्रश्न विसरते.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला की अर्ज नामंजूर. हरकत असल्यास दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांसह समितीसमोर हजर राहावे. बाबा ओटीवर बसून तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत होते. शेवटी म्हणाले, "आपल्याले बापजन्मी कोनी श्रीमंत म्हनलं नाई. म्हनलं तं हे आज." मी मात्र भोकाड पसरून रडले. पुढल्या वर्षी भर, असं कोणी म्हटलं की आणखी रडले. पुढलं वर्ष काय असतं ते आमच्याकडे सगळ्या मुलींना माहीत होतं. पुढल्या वर्षी त्यांना पाहायला पानठेल्यावर माणसं येतात.

गल्लीला आता सगळंच कळलं. काकू आल्या, डोळे लाल. "मले पहिलेच सांगतलं असतं तं माहा फ्रीज मी इहिरीत टाकला असता," म्हणाल्या. गुलाबरावांनी ठेला बंद ठेवला, जे त्यांनी सख्ख्या भावाच्या लग्नातही केलं नव्हतं. प्रतिष्ठित शेजारी म्हणून हे दोघं निघाले. मी निघाले. आणि ताई, कोणी न सांगता, साधा सलवार-कुर्ता घालून एस.टी.त येऊन बसली.

"तू कायले?" आई खिडकीतून ओरडली. "अकोल्यात तुले कोनी पाह्यलं तं?"

"पाहू दे," ताई म्हणाली. "पाहाचंच तं हाये त्यायले."

अमरावतीची माणसं म्हणतात अकोल्यात जास्त ऊन, अकोल्याची म्हणतात अमरावतीत. त्या दिवशी अकोला जिंकलं. ट्रस्टचं कार्यालय कापडाच्या दुकानाच्या वर, इतकं थंडगार की घामाने भिजलेल्या काकू कुडकुडायला लागल्या. टेबलामागे तिघे. मधले अध्यक्ष, सोनेरी काडीचा चष्मा, मागे भिंतीवर दानशूरांचे फोटो, सगळे हार घातलेले, त्यातले काही अजून जिवंत होते. अध्यक्षांच्या एका बाजूला आपले चष्मेवाले होतेच, दुसऱ्या बाजूला जाडे.

"बाई," अध्यक्षांनी काकूंना विचारलं, "तो फ्रीज तुमचा आहे?"

"हो साहेब. माहा म्हनजे तसा साऱ्यायचाच."

"एक सांगा. तुमचा की यांचा?"

"माहा."

इथवर ठीक होतं. मग अध्यक्ष म्हणाले, "आणि हे कुटुंब गरीब आहे, असं तुमचं म्हणणं आहे?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाहेर बाकड्यावर माणसं बसली होती, अकोल्याची माणसं. शेजारच्या लग्नाच्या मुलीचं घर गरीब आहे असं भर कचेरीत मोठ्याने म्हणणं म्हणजे काय, हे त्या तिघांना कळायचं कारण नव्हतं. काकूंच्या तोंडून तो शब्द निघेना. "गरीब काहून असतीन साहेब," त्या शेवटी पुटपुटल्या. "खाऊनपिऊन सुखी हायेत."

मला काकूंचा गळा धरावासा वाटला. अध्यक्षांनी गुलाबरावांकडे पाहिलं. ज्या माणसाच्या जिभेने फाटक्या घरांचे बंगले केले, तो माणूस टोपी काढून म्हणाला, "तसं पाह्यलं तं साहेब, गरीब कोन नाई? तुमी बी मनानं..." आणि थांबला.

अध्यक्षांनी फाइल मिटली. आवाज झाला, आणि माझं शिक्षण संपल्यासारखं मला झालं. तेवढ्यात ताई उठली. ती घरात मोठ्याने बोलत नसे. पाहुण्यांसमोर मान खाली घालून उभं राहायची तिला इतकी सवय झाली होती की चार लोक दिसले की तिची मान आपोआप खाली जायची. त्या दिवशी ती वर होती.

"मी सांगते," ती म्हणाली. "आमी गरीब हाओ. फ्रीज काकूचा हाये. दिवान दुसऱ्यायचा, कूलर तिसऱ्यायचा, गाडी या भाऊच्या पोराची. माह्या आंगावरची साडी काकूच्या सुनेची होती आन गळ्यातलं खोटं होतं. मिक्सर तेवढा आमचा, त्याचं भांडं गळते. माहे बाबा मशीनवर काम करतात, पार्टनर नाईत. हे सारं मले पाहायले येनाऱ्यायसाठी मांडलं होतं, आन तुमी आले. तुमाले खोटं दाखवाचं नव्हतं. त्यायले दाखवाचं होतं."

जाडे गृहस्थ खाली पाहू लागले. अध्यक्ष म्हणाले, "पोरी, अकोला लहान आहे. हे बोलणं इथे राहणार नाही. तुला पाहायला येणारेही इथलेच ना?"

"हो. मंग त्यायले बी कळू द्या. लिवून घ्या, मी सही करीन."

चष्मेवाल्यांनी लिहून घेतलं. त्यांना जे ऐकू आलं ते त्यांनी लिहिलं. ताईने सही केली, काकूंनी तिच्याखाली केली आणि सही करताना पदर तोंडात कोंबून रडल्या. शिफारसपत्र तासाभरात हातात मिळालं. तेवढ्यासाठी मी त्या सोनेरी काडीवाल्यांना आजवर मनात जे जे बोलले त्यातलं अर्धं मागे घेते. अर्धं ठेवते. लग्नाच्या वयाच्या मुलींना चार माणसांसमोर 'आम्ही गरीब' म्हणून दाखवायला लावणाऱ्यांचे फोटो भिंतीवर लागतात, म्हणणारीचा लागत नाही.

एस.टी.त काकूंनी घरून आणलेल्या पोळ्या आणि ठेचा काढला. मूर्तिजापूर गेल्यावर मी ताईला म्हटलं, "तू कायले बोलली? आता थे लोक येतीन काय?" ती म्हणाली, "फ्रीजसंगच लगन करून राहिले असतीन तं करू दे, काकूले इचारून घे म्हना." आणि हसली. मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली, तेव्हा ती हसत नव्हती, आणि मी पोळी खात होते कारण मला भूक लागली होती.

शेवटच्या दिवशी पत्र चढवलं. वेबसाइट म्हणाली फाइल मोठी आहे. लहान केली. मोबाइल या वेळी मी गळ्यात बांधून नेला होता. आकडा आला, टाकला, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत दिसलं की अर्ज स्वीकारला, फी शून्य. त्या शून्याचा कागद बाबांनी देव्हाऱ्यात ठेवला. मी परीक्षा दिली, पुढे गेले, वकील झाले. तो भाग लोक मला सभांमध्ये विचारतात, त्यामुळे इथे सांगत नाही.

अकोल्याचं स्थळ आलंच नाही. मुलाला आत्ता लग्न करायचं नाही असा निरोप आला, आणि पुढल्याच महिन्यात त्याचं झालं. आई ताईशी बरेच दिवस बोलली नाही. वाढायची पोटभर, पण बोलायची नाही. मी होस्टेलवरून फोन केला की ताई मला अभ्यासाचं विचारायची आणि मी तिला घरचं विचारायचे, आणि आम्ही दोघीही दुसरं काही विचारत नव्हतो. मला तेव्हा लाजही वाटायची आणि रागही यायचा. आजही येतो. फी माफ झाली होती, पण कोणाला तरी ती पडलीच होती.

पुढे एका सुट्टीत मी घरी असताना पानठेल्यावर इस्त्रीच्या शर्टातले एक वयस्कर गृहस्थ आले. पातूरकडचे. एकटेच. मी तिथे मोबाइलचं रिचार्ज करायला उभी होते. त्यांना काय ठाऊक मी कोण. त्यांनी पान लावायला सांगितलं आणि सहज विचारल्यासारखं बाबांचं घर विचारलं. गुलाबरावांचा खर्रा घोटणारा हात थांबला. त्यांनी पोराला फोन लावला नाही. चुना पुसत त्यांनी आधी पाहुण्यांनाच विचारलं, "पहिले मले एक सांगा भाऊ. पोरगी पाहायले आले, का पोरगी शिकवायले?"

गृहस्थ गोंधळले. "पाहायले," म्हणाले. "माह्या पोरासाठी."

"मंग आयका," गुलाबराव म्हणाले. "घरात काही नाई. पोरगी खरं बोलते."

गृहस्थांनी पान तोंडात टाकलं, थोडा वेळ चघळलं. मग विचारलं, "घर कोनतं?" मी पुढे झाले आणि त्यांना घरी घेऊन आले. ताई अंगणात चुरी पाखडत होती, रोजच्याच कपड्यांत. तिने हात झटकून त्यांना माठातलं पाणी दिलं, ते प्यायले आणि आणखी मागितलं. मागच्या अंगणात काही गडगडलं नाही. फ्रीज काकूंच्याच घरी होता.